बावखल, डास आणि एक जुने गणित

आमच्या वाडीजवळचे बावखल बुजवावे असे काही जणांनी मनावर घेतले आहे. कारण दिले जाते ते एकच, डास. गेल्या पावसाळ्यात आळीत तीन घरी डेंग्यू झाला. त्यातली एक मुलगी आठ दिवस हॉस्पिटलात होती आणि तिच्या प्लेटलेट्सचे आकडे आम्ही सगळे क्रिकेटच्या स्कोअरसारखे विचारत होतो. तिच्या बाबांनी सही गोळा करायचा कागद फिरवला तेव्हा नाही म्हणायला कोणाची जीभ रेटली नाही. त्यांचा राग खोटा नाही. पण तो कागद माझ्याकडे आला तेव्हा मी सही केली नाही, आणि का केली नाही ते तिथे उभ्या उभ्या सांगता येण्यासारखे नव्हते. म्हणून इथे जरा ऐसपैस लिहितो आहे.

जी मंडळी वसईबाहेर असतात (आणि आता आमचे अर्धे नातेवाईक बाहेरच आहेत) त्यांच्यासाठी आधी सांगतो. बावखल म्हणजे तळे नव्हे आणि विहीरही नव्हे. वाडीच्या बागायतीसाठी आपल्या पूर्वजांनी खणलेले गोड्या पाण्याचे साठवण. पावसाळ्यात भरते, जमिनीत मुरते, आजूबाजूच्या विहिरी गोड ठेवते. एका बाजूला खाडी आणि एका बाजूला समुद्र असलेल्या पट्ट्यात खारे पाणी आत सरकू न देण्याचे काम हीच बावखले करतात. त्यावर रहाट चालायचे, केळी आणि पानवेली शिंपल्या जायच्या. निर्मळ, भुईगाव, गास, नंदाखाल, आगाशी... पश्चिमेकडच्या गावांत अजूनही पुष्कळ आहेत, आणि पुष्कळ बुजली आहेत. बुजवलेल्या जागेवर काय उभे राहते ते सांगायला नको.

बावखल वाचवा म्हणणाऱ्यांना नेहमी एक टोमणा मिळतो, की तुम्ही भावनेने बोलता. ठीक आहे. मी भावनेने बोलतच नाही, गणिताने बोलतो.

डासांचे गणित ही काही आजची टूम नाही. रोनाल्ड रॉस हे नाव शाळेत ऐकलेले असते. अल्मोड्याला जन्मलेला हा लष्करी डॉक्टर, २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादला त्याला डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी दिसला, १९०२ मध्ये नोबेल मिळाले. पाठ्यपुस्तकातला धडा इथे संपतो. पुढची गोष्ट मला जास्त आवडते. डास हा गुन्हेगार आहे हे कळल्यावर लगेच प्रश्न आला, मग काय, जगातले सगळे डास मारायचे? लाहोरजवळ मियाँ मीरच्या छावणीत १९०२ च्या सुमारास अळ्या मारण्याचा मोठा प्रयोग झाला. खड्डे बुजवले, पाण्यावर तेल ओतले, आणि मलेरिया काही हटला नाही. झाले! डास मारून उपयोग नाही असे म्हणणाऱ्यांना पुरावा मिळाला.

रॉस हा भांडकुदळ माणूस होता (इटलीच्या ग्रासीशी त्याचे श्रेयावरून झालेले भांडण तर प्रसिद्धच आहे). तो चिडला आणि त्याने कागद-पेन्सिल घेतली. १९०४ मध्ये अमेरिकेत सेंट लुईसच्या परिषदेत त्याने एक साधा प्रश्न मांडला. समजा एका चौकोनात आपण डासांची पैदास पूर्ण थांबवली. बाहेरचे डास आत येतच राहणार. तर चौकोन केवढा असला म्हणजे मध्यभागी फरक पडेल? डास दिशा ठरवून उडत नाही, थोडे इकडे थोडे तिकडे करत जातो. अशा भटक्याचे हजार फेरे झाल्यावर तो मूळ जागेपासून किती लांब असेल? त्याने हा प्रश्न कार्ल पिअर्सन या संख्याशास्त्रज्ञाला विचारला आणि पिअर्सनने १९०५ मध्ये 'नेचर'मध्ये तो जगापुढे ठेवला. त्यातून निघालेला निष्कर्ष पिअर्सनने दारुड्यावर घालून सांगितला होता. उघड्या माळावर सोडलेला दारुडा शोधायचा तर जिथून निघाला तिथेच आसपास शोधा. आज शेअर बाजारापासून परमाणूंपर्यंत जिथे तिथे वापरतात ते 'रँडम वॉक' हे नाव याच पत्रातले. म्हणजे या गणिताच्या नामकरणात डासाचा वाटा आहे. उगाच नाही तो एवढा कानाशी गुणगुणत.

मियाँ मीरचा चौकोन फारच लहान होता, एवढेच रॉसचे म्हणणे.

मग १९०७-०८ मध्ये तो मॉरिशसला गेला आणि त्या अहवालात त्याने मलेरियाचे पहिले समीकरण मांडले. ते इथे लिहीत नाही, लिहिले तर आमची आत्या वाचायचे थांबवेल. अर्थ मात्र सोपा आहे. एका आजारी माणसामुळे डासांमार्फत सरासरी किती नवी माणसे आजारी पडतात ते मोजा. एकापेक्षा जास्त असतील तर साथ वाढते, एकापेक्षा कमी असतील तर आपोआप विझते. म्हणजे शेवटचा डास मारायची गरज नाही. माणसामागे डासांची संख्या एका ठराविक रेषेखाली नेली की पुरे. कोविडच्या वेळी टीव्हीवर रोज ज्या 'आर'ची चर्चा चालायची त्याचा हा आजोबा.

या गणितात पुढे जॉर्ज मॅकडोनाल्डने १९५० च्या दशकात एक मोठी भर घातली, आणि मला वाटते डासांबद्दल बोलणाऱ्या प्रत्येकाला ती माहीत असायला हवी. डास आजारी माणसाला चावला की लगेच धोकादायक होत नाही. परजीवी किंवा विषाणू त्याच्या पोटातून लाळेपर्यंत पोचायला साधारण दहा दिवस लागतात. डासाचे आयुष्य ते केवढे! बहुतेक डास दहा दिवस जगतच नाहीत. म्हणजे आपल्याला धोका आहे तो डासांकडून नाही, म्हाताऱ्या डासांकडून आहे.

आता हा हिशोब बघा. शंभर डास एका आजारी माणसाला चावले. रोज त्यांतले नव्वद टक्के जगतात असे धरू. दहा दिवसांनी पस्तीस उरतील, आणि ते पुढे सरासरी साडेनऊ दिवस जगतील. म्हणजे सुमारे ३३० 'धोकादायक डास-दिवस'. तुम्ही डासांची संख्या निम्मी केलीत तर हा आकडा निम्मा, १६५ होईल. संख्येला हात न लावता रोजचे जगणे नव्वदवरून ऐंशी टक्क्यांवर आणलेत तर? दहा दिवसांनी उरतात अकराच्या आत, आणि पुढे जगतात साडेचार दिवस. गुणाकार करा, पन्नासही भरत नाहीत. जवळजवळ सातवा हिस्सा! दहा टक्क्यांच्या फरकाने. कॅल्क्युलेटर घेऊन स्वतः करून बघा, मी केले तेव्हा दोनदा तपासले.

या गणितावरच डीडीटीचे जागतिक अभियान उभे राहिले. डास रक्त पिऊन भिंतीवर विसावतो, भिंतीला डीडीटी असेल तर मरतो, म्हणजे म्हातारा व्हायची संधीच मिळत नाही. भारतात स्वातंत्र्याच्या वेळी वर्षाला सुमारे साडेसात कोटी लोकांना मलेरिया होत असे आणि आठ लाख मरत. १९५३ मध्ये राष्ट्रीय नियंत्रण कार्यक्रम, १९५८ मध्ये निर्मूलन कार्यक्रम. १९६५ पर्यंत रुग्ण लाखाच्या आसपास आले. थक्क करणारे यश. आणि १९७६ मध्ये? चौसष्ट लाखांवर. डास डीडीटीला सरावले, पैसा आटला, आणि मुख्य म्हणजे लढाई जिंकली असे वाटून लक्ष उडाले. समीकरणात 'लक्ष उडणे' या गोष्टीला अक्षर नाही. आता पुन्हा देशाने २०३० पर्यंत मलेरिया निर्मूलनाचे लक्ष्य ठेवले आहे म्हणून ही आठवण.

तर आता आपल्या गल्लीत येऊ.

संध्याकाळी धुराची गाडी येते. पोरे मागे पळतात, आपण खिडक्या लावून घेतो, आणि काहीतरी होते आहे याचे समाधान सगळ्यांना मिळते. वर्तमानपत्रात फोटो येतो. हे फक्त आपल्याकडे नाही, मुंबईपासून नागपूरपर्यंत सगळीकडे आहे. वरचाच हिशोब धुराला लावून बघितला. एकूण डासांची संख्या तेवढीच राहते असे धरले, आणि धुराने दर पंधरा दिवसांनी निम्मे डास खरोखर मेले, तर धोका अर्ध्याच्याही खाली येतो. वाईट नाही! पण दहातला एकच डास मेला, तर धोका जेमतेम आठव्या हिश्श्याने कमी होतो. म्हणजे धूर चांगला की वाईट हा प्रश्नच चुकीचा. धूर किती डासांपर्यंत पोचतो हा प्रश्न आहे. डेंग्यूचा एडिस डास घरात असतो, पलंगाखाली, कपाटामागे, टांगलेल्या कपड्यांवर. आणि चावतो दिवसा. रस्त्यावरून संध्याकाळी गेलेला धूर, तोही आपण खिडक्या लावून घेतल्यावर, त्याच्यापर्यंत किती पोचत असेल याचा विचार ज्याचा त्याने करावा.

शिवाय वेळेचे गणित आहेच. डेंग्यूच्या रुग्णाला ताप यायच्या आदल्या एक-दोन दिवसांपासून पुढे पाचेक दिवस त्याच्या रक्तातून डासाला विषाणू मिळतो. त्या डासाला तयार व्हायला आठ ते बारा दिवस. म्हणजे ताप आल्यापासून आठवड्याच्या आत कोणी रुग्णाच्या घरात आणि आजूबाजूच्या घरांत आतून फवारले तर पुढची साखळी तुटू शकते. आपण काय करतो? दोन दिवस क्रोसिन. मग डॉक्टर. मग तपासणी. मग रिपोर्ट. मग तो कुठेतरी नोंदवला गेला तर. दोन आठवड्यांनी आलेली गाडी दारावरून जाते तेव्हा जे व्हायचे ते होऊन गेलेले असते. माणसे तीच, औषध तेच, फक्त दहा दिवस अलीकडे आणि उंबऱ्याच्या आत. माझ्या मते सगळा फरक तिथे आहे.

आता बावखल. इथे आधी मुंबईची एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे, कारण सही गोळा करणाऱ्यांपैकी एकाने तीच मला उलटी ऐकवली. मुंबईत फोर्ट भागात मलेरिया फार वाढला तेव्हा चार्ल्स बेंटली नावाच्या डॉक्टरने शहरभर तपास केला. १९११ मध्ये त्याचा अहवाल छापला गेला. त्याने दाखवून दिले की मुंबईचा मलेरिया पसरवणारा डास हा दलदलीतला नाही, ॲनॉफिलिस स्टीफेन्सी आहे, आणि तो घराघरांतल्या विहिरींत वाढतो. विहिरी बंद करायला सुरुवात झाली तेव्हा हिंदू आणि पारशी दोन्ही समाजांनी विरोध केला, कारण पूजेला विहिरीचे वाहते-जिवंत पाणी लागते. बऱ्याच विहिरी बुजल्या, काहींवर झाकणे बसली, चर्चगेटजवळची १७२५ सालची भिखा बेहरामची विहीर मात्र आजही आहे. 'बघ, मुंबईने विहिरी बुजवल्या म्हणून मलेरिया गेला,' असे मला सांगण्यात आले.

गेला? २०१० च्या पावसाळ्यात मुंबईत मलेरियाचे काय झाले होते ते आठवा. वर्षभरात पंचाहत्तर हजारांवर रुग्ण होते. स्टीफेन्सीला विहिरीचा लळा नव्हता, त्याला स्वच्छ, स्थिर, सावलीतले पाणी हवे होते. ते आपण गच्चीवरच्या टाकीत, बांधकामाच्या खड्ड्यांत, लिफ्टच्या खाली साठवून दिले. (हाच डास २०१२ मध्ये आफ्रिकेत जिबूतीला पोचला, २०१६ मध्ये इथिओपियात सापडला. तो कुठल्या शहरांत जमू शकेल याचे मॉडेल करून २०२० मध्ये संशोधकांनी सांगितले, की आफ्रिकेत आणखी १२ कोटी ६० लाख शहरी लोकांना धोका होऊ शकतो. आपल्याकडचा माल इतक्या जोरात निर्यात झाल्याचे दुसरे उदाहरण मला माहीत नाही.)

मुद्दा असा की बेंटलीने आधी मोजले. विहिरी तपासल्या, अळ्या काढल्या, जात ओळखली, मग बोट दाखवले. आमच्या बावखलात कोणी वाकून पाहिलेले नाही.

आणि पाहिले तर काय दिसेल? डेंग्यू आणि चिकुनगुन्याचा एडिस हा भांड्यांतला डास आहे. पिंप, कुंडीखालची ताटली, फ्रिजमागचा ट्रे, टायर, नारळाची करवंटी, ताडपत्रीच्या खळग्यात साठलेले ओंजळभर पाणी. मासे, बेडूक आणि चतुरांच्या अळ्या यांनी भरलेल्या मोठ्या पाण्यात तो अंडी घालायला जात नाही, त्याला एवढी अक्कल आहे. रात्री कानाशी येणारा क्युलेक्स घाणेरड्या पाण्यातला, म्हणजे गटार आणि सेप्टिक टँकचा. स्टीफेन्सी टाकीतला. बावखलात डास होतच नाहीत असे मी म्हणत नाही. ज्यात सांडपाणी सोडले आहे आणि कडेला थर्माकोलच्या पत्रावळ्या साठल्या आहेत, त्या बावखलात क्युलेक्स सुखाने नांदेल आणि त्या पत्रावळीत एडिससुद्धा. पण मग उपाय सांडपाणी बंद करण्याचा की बावखल बंद करण्याचा?

इथे पिअर्सनचा दारुडा पुन्हा उपयोगी पडतो. एडिस जन्मल्या जागेपासून फार लांब जात नाही, साधारण शंभर-दोनशे मीटरच्या आतच त्याचा संसार होतो. वसई-विरारमध्ये २०११ च्या जनगणनेतच बारा लाखांवर माणसे होती. नालासोपारा किंवा विरार पूर्वेच्या सातमजली इमारतीत डेंग्यू झाला तर तो चार किलोमीटरवरच्या वाडीतल्या बावखलातून आला नाही. तो त्याच इमारतीत जन्मला. का जन्मला? कारण पाणी रोज येत नाही. नळाला पाणी येईल तेव्हा, नाहीतर टँकर येईल तेव्हा, भरून ठेवायचे. प्रत्येक घरात निळे पिंप, प्रत्येक मोरीत बादल्या. पाणीटंचाई आणि डेंग्यू हे सख्खे भाऊ आहेत हे माणसांना विचित्र वाटते, कारण डास म्हणजे जास्त पाणी असे डोक्यात बसलेले असते. इथे तर उलटे आहे. ज्या बावखलांनी भूजल टिकते ती बुजवा, विहिरी आटवा किंवा खाऱ्या करा, मग टँकर मागवा, मग पिंपे भरा. डासांसाठी यापेक्षा चांगली योजना मलाही सुचणार नाही.

बुजवलेल्या बावखलातले पाणी कुठे जाते हा आणखी एक प्रश्न. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार दिवसचे दिवस पाण्याखाली होते, गाड्या बंद, नालासोपाऱ्याला रूळ दिसत नव्हते. पाणी मावायच्या जागा कमी केल्या की ते जिन्याखाली, मीटर बॉक्सखाली, पार्किंगमध्ये मावते. एका मोठ्या माशांच्या पाण्याऐवजी हजार छोटी बिनमाशांची पाणी. एडिसची अंडी तर कोरडी पडूनही काही महिने टिकतात, पुढच्या पावसाची वाट बघत.

गणिताचा एवढा पुळका आल्यावर त्याची एक खोडही सांगायला हवी. साथीच्या गणिताचा पाया मानला जाणारा लेख कर्मॅक आणि मॅकेंड्रिक यांचा, १९२७ चा. मॅकेंड्रिक हा इंडियन मेडिकल सर्व्हिसमधला, तरुणपणी रॉसबरोबर काम केलेला. त्या लेखात उदाहरण कुठले घेतले होते? आपल्या मुंबईच्या १९०५-०६ च्या प्लेगच्या मृत्यूंचे. दर आठवड्याचे मृत्यू आणि त्यांवरून जाणारी गोलाईदार रेषा, इतकी चपखल की डोळे निवावेत. पण प्लेग उंदरांचा आणि पिसवांचा, मुंबईत दरवर्षी ठराविक ऋतूत यायचा आणि उन्हाळ्याबरोबर ओसरायचा. २०१२ मध्ये निकोला बाकाएर या फ्रेंच गणितज्ञाने हे सगळे उकरून काढले. रेषा जुळली होती, पण ज्या कारणाने जुळली म्हणत होते ते कारण बरोबर नव्हते. तेव्हा कोणी लॅपटॉपवर सुंदर आलेख दाखवून 'अमुक केल्यास डेंग्यू ४० टक्के घटेल' म्हणाले की मला ती मुंबईची रेषा आठवते.

त्यात आपले आकडे! २०१० मध्ये 'लॅन्सेट'मधल्या अभ्यासाने भारतातले मलेरियाचे मृत्यू वर्षाला सुमारे दोन लाख पाच हजार असावेत असे म्हटले, जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज तेव्हा पंधरा हजारांचा होता. सरकारने वाद घातला, तो सुटला असे म्हणवत नाही. डेंग्यूचे २०१४ मध्ये आलेले काम आणखी गमतीचे. २००६ ते २०१२ या काळात वर्षाला सरासरी ५८ लाख रुग्ण असावेत, म्हणजे नोंदलेल्यांच्या २८२ पट! ज्या आजाराची एक नोंद होते आणि २८१ होत नाहीत, त्याच्या भविष्याचा आलेख काढणे म्हणजे पत्रिका मांडण्यासारखेच.

मग मॉडेलचा उपयोग काय? मला वाटते, पुढच्या ऑगस्टमध्ये किती रुग्ण होतील हे सांगायला ते नाहीच. कुठला आकडा हलवला की फरक पडतो आणि कुठला हलवून पडत नाही, एवढे ते सांगते. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे कुठला आकडा आपण मोजतच नाही ते सांगते. आपल्याकडे सर्वेक्षणात शंभर घरांमागे किती भांड्यांत अळ्या सापडल्या ते लिहितात. त्यात पाचशे कोष असलेले पिंप आणि तीन अळ्यांची कुंडीची ताटली दोन्हींची किंमत एकच. जगभर जिथे जिथे कोष मोजले तिथे बहुतेक डास मोजक्याच प्रकारच्या भांड्यांतून निघतात असे दिसले आहे. ती मोजकी भांडी आमच्या आळीत कुठली? कोणालाच ठाऊक नाही. 'कोरडा दिवस पाळा' हे भिंतीवर लिहिलेले वाक्य आपण चुन्याच्या डागासारखे बघून न बघितल्यासारखे करतो, पण त्यामागे गणितच आहे. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. सात दिवसांनी पिंप रिकामे करून घासले तर त्यातून निघणारे डास शून्य. पंधरा दिवसांनी घासले तर सुरुवातीच्या दिवसांत घातलेल्या अंड्यांचे डास तोवर उडून गेलेले असतात.

आणि ज्यांना मोठ्या पाण्याची भीती वाटतेच, त्यांच्यासाठी गोव्याचा दाखला. कांदोळीत नव्वदच्या दशकात मलेरिया संशोधन केंद्राच्या लोकांनी अळ्या मारणारे जिवाणू आणि तिथल्याच गोड्या पाण्यातला एक बोटभर मासा वापरून स्टीफेन्सीला आवरले, ते १९९८ मध्ये प्रसिद्धही झाले आहे. पाणी बुजवून नव्हे, पाण्यात मासा सोडून. आपल्या बावखलात तसले मासे पिढ्यानपिढ्या फुकटात पोसले गेलेत. बाहेरून गप्पी आणून टाकायच्या मी फारसा बाजूने नाही, टाक्यांत ठीक आहेत, पण बावखलातले आहेत ते मासे जगू द्यावेत.

त्या मुलीच्या बाबांना मी एवढेच म्हटले आहे, की कागदावर सह्या घेण्याआधी चार रविवार मोजू. आळीत बत्तीस घरे आहेत. बावखलाच्या चार कोपऱ्यांतून प्रत्येकी दहा डबे पाणी काढायचे, पांढऱ्या ताटात ओतायचे आणि अळ्या-कोष मोजायचे. प्रत्येक घरातली पिंपे, टाक्या, ताटल्या, ट्रे, सगळे तसेच. अळी नाही, कोष मोजायचे, कारण कोषाचा डास होणार हे जवळजवळ नक्की. स्वल्पविरामासारखे दिसतात, उजेड पडला की खाली पळतात, तेव्हा टॉर्च बाजूने धरायची. बावखलातले कोष जास्त निघाले तर पहिली सही माझी. ते हो-नाही काही बोलले नाहीत, पण आकडे कोण लिहून घेणार असे विचारले. त्यांच्या मुलीचे अक्षर चांगले आहे, बारावीला आहे, ती लिहील असे ठरते आहे.

कोणाला आपल्या आळीत करायचे असेल तर सामान फारसे लागत नाही. एक डबा, एक पांढरे ताट, टॉर्च आणि चहाची गाळणी. गाळणी वेगळी आणा, घरातली घेतलीत तर घरचे लोक बावखलाआधी तुम्हाला बुजवतील.